कर्बाचा मुलामा

दुसऱ्या महायुद्धांत अतिशय उंचावरून उडणाऱ्या विमानांवर एक अनपेक्षित संकट ओढवलें. विमानांत वीज उत्पन्न करणाऱ्या डायनामोमध्यें फिरत्या तांब्याला टेकलेले कर्बाचे ठोकळे असतात; त्यांस ब्रश म्हणतात. जमिनीलगत दीर्घ काळ टिकणारे हे ब्रश उंचावर गेल्यावर थोड्याच तासांत झिजून भुकटी होऊन जात. आकाशांत वीज बंद पडणें म्हणजे वैमानिकाच्या जिवाशींच गांठ! शिवाय हे ब्रश ज्या ग्राफाइटाचे, तें तर उत्तम वंगण म्हणून प्रसिद्ध. मग त्यानें असा दगा कां द्यावा?

ग्राफाइटांत कर्बाच्या अणूंचे पातळ थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. ते सहज सरकतात, म्हणून ग्राफाइट निसरडें, असें मानीत असत. पण तें अर्धेंच उत्तर होतें. १९४८ सालीं आर. एच. सॅव्हेज यांनीं दाखवून दिलें कीं, या निसरडेपणाला हवेंतील बाष्पाचेंही साहाय्य लागतें. थरांच्या कडांवरील अणूंचे हात मोकळे असतात. बाष्पाचे रेणु ते गुंतवून ठेवतात. उंचावरील हवा विरळ व कोरडी. तेथें हे मोकळे हात समोरच्या पृष्ठास पकडतात, आणि प्रत्येक फेऱ्यास ब्रशाचे कण तुटून पडतात.

ग्राफाइट मऊ, तर हिरा अत्यंत कठीण, दोन्ही कर्बच. या दोहोंचे गुण एका पातळ लेपांत आणतां आले तर? १९७१ सालीं आयझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं कर्बाचे विद्युत्भारित कण वेगानें पृष्ठावर आदळवून असा लेप बसविल्याचें प्रसिद्ध केलें. त्यास 'हिऱ्यासारखा कर्ब' म्हणतात. त्याची जाडी बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या एक ते तीन पट असते. दाढीचीं पातीं व डिझेल एंजिनांतील इंधनाचे पंप यांवर आज हा मुलामा आढळतो.

असा लेप घांसला जाऊं लागला कीं, त्याचा अल्पसा अंश समोरच्या धातूवर चिकटतो. पुढें धातूवर कर्ब न घांसतां कर्बावर कर्ब घांसतो, व झीज मंदावते. मात्र लेप जाड केला म्हणून अधिक टिकेल असें नाहीं. त्याच्या अंगांत मोठा ताण कोंडलेला असतो; जाडी वाढतांच जुन्या गिलाव्याप्रमाणें त्याचे पोपडे निघतात. म्हणून त्याच्याखालीं पुष्कळदां क्रोमियमसारख्या धातूचा थर देतात. खालची धातु मऊ असल्यास गादीवर ठेवलेल्या काचेप्रमाणें भाराखालीं तो तडकतो.

हवेचा प्रश्न मात्र येथेंही सुटत नाहीं. हायड्रोजन नसलेला लेप दमट हवेंत चांगला सरकतो. निर्वात जागीं त्याचें घर्षण फार वाढतें. हायड्रोजनयुक्त लेपाचें वर्तन नेमकें उलट! त्याच्या पृष्ठावरील मोकळे हात हायड्रोजननें आधींच गुंतविलेले असतात, म्हणून कोरड्या वायूंत तो विलक्षण निसरडा होतो, आणि दमट हवेंत त्याचें घर्षण वाढतें. अमेरिकेंतील आर्गोन प्रयोगशाळेंत अली एर्देमीर व त्यांचे सहकारी यांनीं कोरड्या नायट्रोजनमध्यें अशा लेपाचा घर्षणांक सुमारें ०·००१ इतका खालीं आणला. पोलादावर कोरडें पोलाद सरकवितांना तो सुमारें ०·६ असतो. म्हणजे १०० किलोचें ओझें सरकवावयास जेथें ६० किलोचा जोर लागावा, तेथें १०० ग्रॅमचा पुरतो, हें ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. पण उष्णता सुमारें ३०० अंशांपुढें गेली कीं हायड्रोजन हळूहळू निसटूं लागतो, आणि लेपाचा गुणही पालटतो.

तेव्हां 'सर्वांत उत्तम लेप कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. तो पृथ्वीवरील दमट हवेंत फिरणार कीं अंतराळांतील उपग्रहावर, किती तापणार आणि कशावर घांसणार, हें आधीं विचारलें पाहिजे. महायुद्धांतील ब्रश वाईट नव्हते. ते जमिनीवरच्या हवेसाठीं घडविलेले होते, आणि त्यांना आकाशांत नेलें होतें.