खार फुटलेलं रान

धाराशिव जिल्ह्याची ओळख दुष्काळाची. पाऊस ओढ देतो, विहिरी तळ गाठतात, टँकर सुरू होतात. त्यामुळे इथली जमीन पाण्यानं बिघडते असं सांगितलं तर बाहेरच्याला पटत नाही. पण तेर-ढोकीच्या भागात, तेरणेकाठच्या काळ्या रानांत फेब्रुवारीत एकदा फिरावं. सखल कोपऱ्यात, बांधाच्या कडेला, वरंब्याच्या माथ्यावर पांढरट थर आलेला असतो. ‘रानाला खार फुटलाय,’ एवढंच शेतकरी सांगतो आणि पुढं चालू लागतो.

भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं, निचऱ्याला वाट ठेवली नाही, की भूजल वर सरकत येतं. उन्हानं वरचा ओलावा उडाला की खालचं पाणी केशाकर्षणानं वर चढतं आणि सोबत आणलेले क्षार मातीच्या तोंडावर सोडून जातं. त्यात बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते भरीला भर घालतं.

अशा रानात मी आधी वनस्पती बघतो. मधोमध काहीच नसतं. त्याच्या कडेनं हरळी आणि घोळ, त्यापलीकडं खुरटा गहू, आणि जिथं हरभरा बरा उभा आहे तिथून चांगली जमीन सुरू. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी ही रांग निम्मं सांगून टाकते. कारण हरभरा क्षाराला फार हळवा आहे. त्याची खालची, जुनी पानं आधी करपतात. करप टोकाकडून आणि कडांनी आत सरकते.

माती हाताला ओली लागते आणि रोप मात्र सुकलेलं दिसतं, याचं कोडं पुष्कळांना पडतं. क्षार मातीतलं पाणी धरून ठेवतात आणि मुळाला ते ओढता येत नाही. रोपाच्या लेखी तो दुष्काळच. त्यावर तगणारी झाडं पेशींत प्रोलीनसारखे पदार्थ तयार करून आपली ओढ वाढवतात. पुढचं संकट सोडियमचं. तो आत शिरला की पोटॅशियमची जागा बळकावतो आणि पेशीचं काम बिघडवतो. गव्हाची मुळं त्याला शक्य तेवढा अडवतात आणि वर पानांत जाऊ देत नाहीत. घोळ वेगळा मार्ग धरते. आत आलेलं मीठ ती पेशींमधल्या रिक्तिकांत कोंडते आणि पाणी साठवून पानं जाडजूड ठेवते. हरळीची तऱ्हा मला सगळ्यात विलक्षण वाटते. तिच्या पानावर दोन पेशींच्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांतून ती मीठ बाहेर टाकते. आपण जिला तण म्हणून खुरपून बांधावर फेकतो, तिच्याकडं ही सोय आहे!

पिकांचे आकडेही बघण्यासारखे आहेत. मातीच्या क्षारतेचं माप डेसिसायमन प्रति मीटर. चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांच्या सोसण्याच्या मर्यादा एकत्र मांडल्या. त्यांत कापसाचं उत्पादन ७.७ नंतर घटू लागतं, गव्हाचं ६ नंतर, आणि उसाचं १.७ लाच. म्हणजे ज्या पिकापायी आपण रान खारवतो, तेच पीक या तिघांत खार सर्वांत कमी सोसतं. कापसाबद्दलही एक सावधगिरी हवी. तो मोठा झाल्यावर तग धरतो, उगवताना नाही. क्षार वरंब्याच्या माथ्यावर जमतात, म्हणून बी माथ्यावर न टोकता बगलेत टोकावं.

खारवट आणि चोपण ही दोन वेगळी दुखणी आहेत: पहिल्यात क्षार साचतात, दुसऱ्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटतो. ती ओळखायला मी एक साधी गोष्ट करतो. काचेच्या दोन ग्लासांत पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घेऊन एकात चांगल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ सोडायचं, दुसऱ्यात संशयित रानातलं, आणि न ढवळता ठेवून द्यायचं. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून तळाशी बसतं, वरचं पाणी नितळ राहतं. चोपण मातीच्या ढेकळाभोवती गढूळ ढग पसरत जातो आणि दुसऱ्या दिवशीही निवळत नाही. सोडियमनं चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे केलेले असतात. शेतात हेच कण छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर नांगर लागत नाही.

चोपण रानात पावसाळ्याच्या तोंडावर धैंचा पेरतात आणि साधारण दीड महिन्यानं, फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. त्यानं नत्र मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण धैंच्याच्या मुळांचा श्वास आणि गाडलेल्या पाल्याचं कुजणं यांतून कर्बवायू सुटतो आणि पाण्यात मिसळून आपल्या मातीतली चुनखडी थोडीथोडी विरघळवतो. त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकतो. जिप्सम टाकून आपण हेच विकत घेतो.

हुसकलेला सोडियम शेताबाहेर गेला नाही तर पुन्हा तिथंच चिकटतो. म्हणून क्षार सोसणारं वाण आणलं, धैंचा गाडला, जिप्सम टाकलं, तरी निचऱ्याचा चर नसेल तर सगळं वाया. आणि चर एकट्याच्या शेतात संपत नाही, त्याला खालच्या शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत वाट लागते. बांधावरून भांडणाऱ्या भावकीला हे जड जातं, हे मला माहीत आहे. तरीही यंदा पीक निघालं की दोन कामं कराच. माती तपासताना सामू आणि क्षारता यांच्यासोबत विनिमयक्षम सोडियमही मागून घ्या, कारण त्याशिवाय जिप्समचा हिशेब लागत नाही. आणि उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत, शेजाऱ्याला सोबत घेऊन चराची आखणी करून टाका.