एमबी मोजणारे यंत्र

गडचिरोलीच्या टोकाला बसून कुणी फोनवर व्हिडिओ लावला, तरी तो डेटा गावच्या टॉवरवरून थेट इंटरनेटवर उतरत नाही. आधी तो कुठल्यातरी मोठ्या शहरात, मोबाइल कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या गेटवेपर्यंत येतो. तो कुणाचा, कुठे निघाला, त्याच्या मालकाच्या पॅकमध्ये किती शिल्लक आहे, हे सगळे तिथे पाहिले जाते. एकेक बाइट मोजला जातो आणि मगच पुढची वाट मोकळी होते. जुन्या जकात नाक्यासारखेच हे ठाणे, पण इथे कुणालाही सेकंदाचा हजारावा भागसुद्धा थांबवून ठेवायची सोय नाही.

जीपीआरएसच्या दिवसांत या यंत्राला जीजीएसएन म्हणत, 4जीमध्ये ते पी-गेटवे झाले. नावे बदलली, काम तेच राहिले. या कुळातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 2000 साली सुरू झालेल्या स्टारेंट नेटवर्क्स या कंपनीचे एसटी16. पुढच्या बाजूला 16 कार्डे, मागे 32 खाचा. 2009 मध्ये सिस्कोने सुमारे 2.9 अब्ज डॉलरला ही कंपनी घ्यायचे ठरवले आणि त्याच यंत्राची पुढची आवृत्ती एएसआर 5000 या नावाने जगभर गेली. चालू ग्राहकांना सांभाळणारे कार्ड अचानक बंद पडले, तरी त्यांची जोडणी टिकावी अशी या यंत्राची रचना होती. प्रत्येक जोडणीची मुख्य माहिती दुसऱ्या कार्डावर जपलेली असे आणि तिच्यावरून राखीव कार्ड सगळे पुन्हा उभे करी. फोन हातात धरलेल्या माणसाला बहुधा पत्ताही लागत नसे.

प्रवेशाचा पहिला प्रश्न एपीएनचा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘जिओनेट’ किंवा ‘बीएसएनएलनेट’ असे जे नाव दिसते, त्यावरून कोणत्या गेटवेकडे जायचे आणि तिथे कोणते नियम लागायचे हे ठरते. व्हीओएलटीई कॉलचा एपीएन वेगळा असतो, म्हणून डेटा संपला तरी कॉल लागतो. दुकानातल्या स्वाइप मशीनच्या सिमला अनेकदा खासगी एपीएन दिलेला असतो. तसे सिम काढून फोनमध्ये घातले तरी त्यावर यूट्यूब उघडत नाही.

खरी गुंतागुंत पैशांची आहे. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक गेटवेकडे नसतेच. ती असते ओसीएस या चार्जिंग सर्व्हरकडे. ग्राहकाने नेट चालू केले, की गेटवे ओसीएसकडे कोटा मागतो. ओसीएस सगळी शिल्लक देत नाही, एक तुकडा देतो. समजा, 50 एमबी. तो संपत आला की गेटवे वापराचा हिशेब देऊन पुढचा तुकडा मागतो आणि नेट बंद झाले की उरलेला परत करतो. हे बोलणे डायमीटर प्रोटोकॉलवर चालते. कोटा मागण्या-देण्याचे त्यातले नियम 2005 च्या आरएफसी 4006 या मानकात पहिल्यांदा पक्के झाले.

तुकडा केवढा द्यायचा, यात अभियंत्याचा कस लागतो. तो फार लहान ठेवला तर लाखो ग्राहकांच्या मागण्यांखाली ओसीएस दबून जातो. फार मोठा ठेवला तर ग्राहकाची शिल्लक एकाच जोडणीत अडकून पडते आणि त्याच खात्यातून दुसरे काही करायला गेल्यास नकार येतो. प्रत्येक तुकड्याला मुदतही असते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकसाठी सगळ्यांचीच मुदत ठीक रात्री बारापर्यंत ठेवली, तर बाराच्या ठोक्याला सगळे गेटवे एकदम विचारणा करतात. म्हणून शहाणी माणसे या मुदती थोड्या पुढेमागे पसरून ठेवतात.

आणि ओसीएसने उत्तरच दिले नाही तर? मानकात तीन वाटा आहेत: जोडणी तोडा, दुसऱ्या सर्व्हरला विचारून पाहा आणि तोही गप्प असेल तर तोडा, किंवा कुणाचेच उत्तर नसले तरी सेवा चालू ठेवा. सेटिंगमधला हा एक शब्द. पण बिघाड कंपनीचा असताना नुकसान कुणी सोसायचे, ते त्या एका शब्दाने ठरते. माझ्या मते तिसरीच वाट न्याय्य आहे. ग्राहकाने पैसे आधीच भरलेले असतात.

अशी ठिकाणे या यंत्रात पावलोपावली आहेत. एएसआर 5000 मध्ये नियमांच्या यादीला रूलबेस म्हणतात. प्रत्येक नियमाला क्रमांक असतो, लहान क्रमांक आधी तपासला जातो आणि जो पहिला जुळेल तो लागू होतो. म्हणजे दोन नियम वरखाली झाले, तर पैसे लागणारी गोष्ट फुकट होते किंवा फुकटची गोष्ट पैसे खाऊ लागते. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या विचारणा फुकट ठेवायच्या म्हणून कुणी त्यांचे 53 क्रमांकाचे पोर्ट सरसकट मोकळे सोडले, तर त्याच वाटेने सगळे इंटरनेट फुकट ओढून नेणारे हुशार लोक निघतात. तिथे तोटा कंपनीचा. उलट, गेटवेने मोजून पुढे पाठवलेले पॅकेट गाडी बोगद्यात शिरल्यामुळे फोनपर्यंत पोचलेच नाही, तरी ते ग्राहकाच्या खात्यात पडू शकते. हरवलेले पुन्हा पाठवले, की पुन्हा मोजले जाते. फोनमधला आकडा आणि कंपनीचा आकडा अनेकदा जुळत नाही, त्याचे हे एक कारण.

शिल्लक संपल्यावरचे वागणेही इथेच ठरते. जोडणी तोडता येते, रिचार्जच्या पानाकडे वळवता येते, किंवा ठरावीक ठिकाणेच उघडी ठेवता येतात. रोजचा कोटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने दोन एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात. शून्य शिलकीच्या माणसाला रिचार्ज करायचे असेल, तर कंपनीच्या पानाबरोबर त्याच्या बँकेचे पानही त्या उघड्या यादीत हवे. बँकेने पत्ता बदलला आणि यादी जुनीच राहिली, तर पैसे हातात असूनही रिचार्ज होत नाही. ही यादी सांभाळणाऱ्या माणसाचे काम कुणाला दिसत नाही; मला ते फार महत्त्वाचे वाटते.

गेटवेला कोणता डेटा कोणत्या सेवेचा हे ओळखता येते, म्हणून एका काळी आपल्याकडे फक्त फेसबुकचे, फक्त व्हॉट्सअ‍ॅपचे पॅक विकले गेले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. वर्तमानपत्रांत ही बातमी नेट न्यूट्रॅलिटीची म्हणून आली, पण ती बंदी अखेर पोचली ती अशाच एखाद्या रूलबेसमधल्या ओळींपर्यंत. ओळखण्याची ताकद यंत्रात राहिली. दरात तिचा वापर करायचा नाही, हे कायद्याने ठरले. तो निर्णय योग्यच होता.

मोबाइल मानकांच्या 2017 मधल्या रिलीज 14 पासून गेटवेचे दोन भाग करता येऊ लागले: निर्णय घेणारा एक, वाहतूक हाकणारा दुसरा. 5जीमध्ये हीच मांडणी पक्की झाली. वाहतूक हाकणारा यूपीएफ आता एखाद्या कारखान्याच्या आवारातही बसवता येतो. मोजणी तिथे होते, निर्णय घेणाऱ्या एसएमएफला अहवाल जातो आणि तो पुढे चार्जिंग सर्व्हरला कळवतो. अहवाल किती बाइटनंतर किंवा किती वेळाने पाठवायचा, हे एसएमएफ आधीच सांगून ठेवतो. दोन अहवालांच्या मधेच यूपीएफ बंद पडला आणि त्याचा आकडा दुसरीकडे जपलेला नसला, तर तेवढा वापर कुणाच्याच खात्यात लागत नाही आणि तो तोटा कंपनी सोसते.