मॉर्मन प्रचारकाची रोजनिशी आणि मराठी शब्द

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्मप्रचारकाला जे स्थान मिळाले आहे, ते बहुतेक कोशकार, व्याकरणकार आणि मुद्रक म्हणून. कॅरीचे १८०५ सालचे मराठी व्याकरण, अमेरिकन मराठी मिशनचा छापखाना, १८४२ पासूनचा 'ज्ञानोदय' यांची नोंद प्रत्येक इतिहासकार घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने आपल्या भाषेला काहीच दिले नाही, ज्याची भाषा शिकण्याची धडपड फळाला आली नाही, अशा प्रचारकाकडे पाहण्याची दृष्टी मराठी समीक्षेत अद्याप आलेली नाही. त्याच्यापाशी ग्रंथसंपदा नसते. असते ती रोजनिशी. आणि तीच, वाङ्मयप्रकार म्हणून, अधिक विचार करण्याजोगी आहे.

मॉर्मन पंथाच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क संस्थानात जोसेफ स्मिथ याने हा पंथ स्थापन केला, त्याच दिवशी पंथात नोंदवही ठेवली जावी असा आदेश त्याने ईश्वराच्या नावाने दिला. लेखन हा तेथे पहिल्या दिवसापासून धर्माचा भाग ठरला. त्यामुळे मॉर्मन प्रचारकाची रोजनिशी ही एकांतातील हौस नव्हे, ती नेमस्त कर्माची वही आहे. किती घरी गेलो, कोणी ऐकले, कोणी दार लावले, ताप किती दिवस राहिला, पदरी किती पैसे उरले, हे सारे तीत एका ओळीत येते आणि लगेच पुढच्या ओळीत प्रभूचे आभार येतात. मराठी वाचकाला येथे आत्मचरित्रापेक्षा रोजकीर्दच आधी आठवेल. चिंतन असते, पण ते हिशेबाच्या फटीतून डोकावते. ज्यांना अशा वह्यांत अनुभूतीचे उमाळे हवे असतात त्यांची निराशा होते. तो दोष वहीचा नव्हे.

आपल्याकडे या वृत्तीला पूर्वसूरी नाहीत असे नाही. मराठी गद्याचा आरंभच मुळी दिनचर्येच्या नोंदीतून झाला. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, विचारपूस करून चक्रधरांच्या लीळा जमविल्या. त्यांत तत्त्वचर्चेइतकेच महत्त्व जेवण्याउठण्याला, वाटेला आणि मुक्कामाला आहे. फरक असा की लीळाचरित्रात शिष्य स्वामींचा दिवस लिहितो, मॉर्मन तरुण स्वतःचा. महानुभाव साधकाने एकाकी अटन करावे असा आचार आहे. मॉर्मन प्रचारक शुभवर्तमानाच्या आज्ञेप्रमाणे जोडीने फिरतो. आजही या पंथातला तरुण वयाच्या अठराव्या वर्षानंतर साधारणतः दोन वर्षे घर सोडून जातो, साथीदाराला सहसा दृष्टीआड होऊ देत नाही, सकाळी ग्रंथ व भाषा यांचा अभ्यास करून मग दारोदार जातो. घरच्यांशी दर आठवड्याला बोलण्याची मुभा त्याला २०१९ मध्ये मिळाली. तोवर मुख्यतः पत्रांचाच आधार असे. जोडीत राहणाऱ्याला एकांत उरतो तो वहीपुरता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

हिंदुस्थानात हे प्रचारक प्रथम १८५१ मध्ये कलकत्त्यास उतरले. मुंबईकडे आलेला स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले सप्टेंबर १८५२ मध्ये पोहोचला. तो तेव्हा तिशीचा होता. मुंबईत पाद्री आणि वृत्तपत्रे यांनी त्याच्याविरुद्ध आधीच हवा तापविलेली होती. तेव्हा तो बोरघाट चढून पुण्यास गेला. आगगाडी अजून यायची होती. पुण्यात त्याने लहानशी मंडळी जमविली, तीत बहुतांशी गोऱ्या पलटणींशी संबंध असलेली माणसे होती. लष्करी अधिकाऱ्यांना हा मनुष्य छावणीत नको होता. पुढे कराचीत एमॉस मिल्टन मसर या तरुणालाही छावणीत प्रवचनाची मनाई झाली. मसर बावीस वर्षांचा असताना युटातून निघाला होता. पुढे उतारवयात तो पंथाचा साहाय्यक इतिहासलेखक झाला. नोंद ठेवण्याची सवय अशी आयुष्यभर पुरली.

या तरुणांनी 'थैली आणि झोळी न घेता' प्रवास करावा असा दंडक होता. हे शब्द मराठीत आणताच मोठी अडचण उभी राहते. आपल्या भूमीत झोळी हीच विरक्ताची खूण. झोळी न घेणारा तो संसारी. ज्या वस्तूच्या त्यागातून त्यांना निःसंगता दाखवायची होती, तिच्या धारणेतून आपल्याकडे ती दिसते. शिवाय कंपनी सरकारच्या पुण्यात गोरा मनुष्य म्हणजे साहेब. निष्कांचन साहेब हा शब्दप्रयोगच पुणेकराला कळला नसता, आणि छावणीतल्या गोऱ्यांना तर तो आपल्या प्रतिष्ठेचा अपमानच वाटला असणार. फिंडलेचे दारिद्र्य खरे होते, पण ते दोन्हीकडे वाचता न येणाऱ्या लिपीत लिहिलेले होते.

शब्दांचा हा पेच येथेच संपत नाही. या पंथातल्या प्रचारक तरुणाला 'एल्डर' म्हणतात. मराठीत 'वडील' म्हणावे, तर समोर मिसरूड फुटलेला पोर! लखनौच्या निशातगंजात अशी जोडी कोणा उर्दूदाँ गृहस्थापुढे उभी राहिली आणि तिने आपली ओळख 'बुजुर्ग' अशी करून दिली, तर तो अदबीने हसू आवरील. पंथाच्या नावातील 'सेंट्स' तर त्याहून अवघड. तेथे दीक्षा घेतलेला प्रत्येक साधा मनुष्य संत. आपल्याकडे तो शब्द ज्ञानेश्वर-तुकारामांसाठी राखलेला. महाराष्ट्रात संतपद कोणी घेत नाही, ते लोकांनी द्यावे लागते. फिंडले मराठी शिकत होता. १८५५ मध्ये त्याने मुंबईत 'हिंदुस्थानातील मराठ्यांस' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची एक पुस्तिका छापविली, तीत खऱ्या व जिवंत देवाचे प्रतिपादन आहे. जिवंत देव हा शब्द ज्याच्या कानावर पडतो, तो मराठी मनुष्य निर्जीव देव मानतच नसतो. विठोबाला तो घरच्या माणसासारखा बोलतो, प्रसंगी भांडतो. उत्तर आधीच ज्याच्यापाशी आहे त्याला प्रश्न विचारण्यासारखे ते झाले.

याच सुमारास बहुपत्नीकत्वाची घोषणा येऊन थडकली. २९ ऑगस्ट १८५२ रोजी सॉल्ट लेक नगरात पंथाने ही प्रथा उघडपणे जाहीर केली आणि ती वार्ता समुद्र ओलांडून आली, तेव्हा हिंदुस्थानातील प्रचारकांचे काम जवळजवळ अशक्य झाले. विरोधकांना याहून सोयीचे शस्त्र हवे तरी कोणते?

तरीही सर्वांत खोल अडचण, रोजनिशी वाचताना जाणवते ती, निराळीच आहे. या पंथाची त्या काळची शिकवण अशी की श्रद्धावंताने आपला देश सोडून सियोनात, म्हणजे युटात, येऊन राहावे. वारकरीही चालत निघतो, पण पंढरीहून तो आपल्या शेताकडे परततो. परतण्यातच वारी पुरी होते. येथे परतणे नाही. पलटणीतला शिपाई करारातून सुटल्याखेरीज जाऊ शकत नव्हता. समुद्रपर्यटनाने जात जाते असे मानणाऱ्या हिंदूचा तर प्रश्नच नव्हता. मग पुण्यातल्या त्या मूठभर मंडळींना फिंडले काय देऊ शकत होता? एक प्रवास, जो त्यांतल्या बहुतेकांना करता येणार नव्हता. प्रचारकाच्या वहीतील कोरड्या ओळींमागे ही जाणीव धरून वाचले म्हणजे श्रोत्यांच्या संख्येची नोंदसुद्धा निराळी वाटू लागते.

१८५५ मध्ये फिंडले निघून गेला. दुसऱ्या वर्षी शेवटचा प्रचारकही परतला, आणि त्यानंतरच्या वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला. फिंडलेच्या रोजनिश्या १९७३ मध्ये युटात छापल्या गेल्या. महाराष्ट्रात त्या वाचल्या गेल्याचे दिसत नाही. पुण्याच्या १८५२ ते १८५५ या वर्षांसंबंधी, विशेषतः जोतीराव फुल्यांच्या शाळांसंबंधी, इतके लिहिले गेले आहे. त्याच वर्षांत त्याच गावात एक परका मनुष्य रोज संध्याकाळी काय लिहीत होता, हे मराठीत येण्यास आता भाषांतरकाराची वाट आहे. त्याने 'एल्डर'साठी कोणता शब्द निवडावा, हा निर्णय मात्र त्याला पहिल्याच पानावर करावा लागेल.