बचत गट आणि मायक्रोफायनान्स : हिंगोलीच्या संदर्भात

जिल्हा : १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच : हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ. मुख्य पिके हळद आणि सोयाबीन. पीक विकल्यावर पैसा येतो, घरखर्च बारमाही.

बचत गट : साधारण १० ते २० महिला. आधी बचत, मग कर्ज. अंतर्गत कर्जाचे व्याज गटाच्याच निधीत जमा. पंचसूत्री : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. यांत हिशेबाला सर्वाधिक जपावे. बँक कर्ज देताना गटाच्या वह्या तपासते.

मायक्रोफायनान्स कंपनी : ठेवी स्वीकारता येत नाहीत. एकमेकींना जामीन राहणाऱ्या महिलांना कर्ज देते. व्याज कंपनीकडे जाते.

टप्पे
- १९७५ : महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम)
- १९८३ : बांगलादेशात ग्रामीण बँक, २००६ मध्ये मोहम्मद युनूस यांच्यासह नोबेल शांतता पुरस्कार
- १९९२ : नाबार्डची बचत गट-बँक जोडणी
- २०११ : राज्यात 'उमेद' अभियान

रिझर्व्ह बँकेचे नियम (एप्रिल २०२२ पासून)
- वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स.
- कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. कर्जबाजारीपणा रोखणारी हीच खरी अट.
- मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.
- वसुलीसाठी धमकी, शिवीगाळ यांना मनाई.

सही करण्याआधी व्याज आणि सर्व शुल्के दाखवणारे माहितीपत्रक मागून घ्या.