मूत्रपिंडाचा विकार : पोई खावी की पाव?

मूत्रपिंडाच्या विकाराचे निदान झाले की पहिली कात्री ताटातील अन्नावर चालते. कोणी नाचणीची भाकरी बंद करायला सांगतो, कोणी भात सोडायला लावतो, तर कोणी पौष्टिक म्हणून कोंड्याच्या पोईचाच आग्रह धरतो. हे तिन्ही सल्ले सरसकट लागू पडत नाहीत. विकार कोणत्या टप्प्यावर आहे आणि रक्ततपासणी काय सांगते, यावर धान्याची निवड ठरते.

कोंड्याचा प्रश्न

निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम आणि फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतात. ही क्षमता बरीच घटली की ते रक्तात साचतात. पोटॅशियम वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते. फॉस्फरस वाढल्यास हाडे कमकुवत होतात. धान्याच्या कोंड्यात हे दोन्ही घटक अधिक असतात. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, मैद्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळेच अनेक वर्षे अशा रुग्णांना पांढरा पाव आणि पांढरा भात सुचवला जात असे.

मात्र कोंड्यातील फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि त्यातील निम्म्याहून कमी भाग शरीरात शोषला जातो. याउलट पाकीटबंद ब्रेड, केक आणि बिस्किटांत मिसळलेले फॉस्फेट क्षार बहुतांशी शोषले जातात. पाकिटावर ‘फॉस्फेट’ हा शब्द किंवा ४५०, ४५१, ४५२ हे क्रमांक दिसल्यास तो पदार्थ टाळणे हिताचे.

मीठ विसरू नये

भाकरी मिठाशिवायही होते. पावात मात्र मीठ असतेच. उकड्या तांदळाच्या पेजेत अडचण सहसा पेजेची नसते, सोबतच्या लोणच्याची, पापडाची आणि खारवलेल्या सुक्या मासळीची असते. दिवसभराचे मीठ सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एका चहाच्या चमच्याएवढे, याहून अधिक नसावे. ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र परस्पर वापरू नये, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते.

कोणी काय खावे?

विकार प्राथमिक टप्प्यात असेल आणि रक्तातील पोटॅशियम, फॉस्फरस मर्यादेत असतील, तर पोई, ज्वारी वा नाचणीची भाकरी सोडण्याचे कारण नसते. मधुमेह असल्यास कोंड्यातील तंतू उपयुक्तच ठरतात. पोटॅशियम वाढलेले असल्यास कोंडायुक्त धान्याचे प्रमाण कमी करावे आणि भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून घ्यावा. त्यामुळे काही पोटॅशियम पाण्यासोबत निघून जाते.

धान्य पूर्ण बंद करणे हा मार्ग नव्हे. पुरेशी ऊर्जा न मिळाल्यास शरीर स्वतःचे स्नायू झिजवते, आणि डायलिसिसवरील रुग्णाला ही झीज परवडणारी नसते. म्हणून ताज्या रक्ततपासणीचा अहवाल आहारतज्ज्ञाला दाखवावा आणि मगच भाकरी, भात वा पाव यांचे प्रमाण ठरवावे.