बाळंतिणीची वही आणि सीतेचे बाळंतपण

महाराष्ट्रातील अनेक घरांत बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडली जाते आणि त्या पूजेत पाटा-वरवंटा, हळदकुंकू व नैवेद्य यांच्याबरोबर कोरा कागद आणि लेखणीही ठेवली जाते, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहून जाते अशी श्रद्धा आहे. बाळंतिणीच्या खोलीत लेखनसाहित्य असे विधिपूर्वक येते, पण ते बाळासाठी. जिचे आयुष्य त्याच आठवड्यात मुळापासून बदललेले असते, त्या स्त्रीने स्वतःविषयी काही लिहावे अशी अपेक्षा या सोहळ्यात कोठेच नसते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी आणि सव्वा महिन्याची विश्रांती यांतून तिच्या शरीराची काळजी मोठ्या मायेने घेतली जाते. मनाने काय करावे याचे उत्तर मात्र तिला स्वतःच शोधावे लागते, आणि त्या शोधात दैनंदिनी, टिपणे, कविता किंवा कथा लिहिणे किती उपयोगी पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येते. स्त्रीचे आई होणे ही प्रसूतीच्या दिवशी संपणारी घटना नसून किशोरवयासारखा शरीर, मन आणि नाती यांना ढवळून काढणारा दीर्घ संक्रमणकाळ आहे, असे सांगणारी ‘मॅट्रेसन्स’ ही संज्ञा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ मध्ये मांडली. मनावरचा भार कागदावर उतरवल्याने काय होते, हे जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाहिले गेले: विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक अनुभवांविषयी लिहिले, आणि ज्यांनी घटना व तिच्याशी निगडित भावना या दोन्ही मांडल्या, त्यांचे पुढील महिन्यांत दवाखान्यात जाणे कमी झाले. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष सर्वत्र इतके ठळक नसले, तरी अशा लेखनाला ‘अभिव्यक्तिपर लेखन’ म्हणून मानसशास्त्रात मान्यता मिळाली.

परंतु नव्या आईला ‘रोज मन मोकळे करून लिहा’ असे सांगणे सोपे आणि ते पाळणे अवघड असते, याची कारणे दोन आहेत. पहिले कारण वेळेचे, कारण तिला सलग पंधरा मिनिटे मिळत नाहीत आणि वहीत उतरते ते बाळ किती वाजता प्यायले, किती वेळ झोपले, ताप किती होता, एवढेच. दुसरे कारण अधिक खोल आहे. आईपण हा परमानंद आहे असे ज्या घरात सर्वजण येता-जाता बोलतात, त्या घरात बाळाविषयी आलेला राग, अजून न दाटलेले प्रेम, माहेरून सासरी परतण्याची धास्ती किंवा आपले जुने आयुष्य हरवल्याचे दुःख स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या अक्षरात लिहिण्यास तिचा हात धजत नाही, शिवाय ती वही उशाखालून कोणाच्याही हाती लागू शकते. दैनंदिनी नेमकी जेथे अडते, तेथे कल्पित लेखन पुढे जाऊ शकते, आणि मराठी स्त्रियांनी हा मार्ग लिहिता येण्याच्याही आधी शोधून काढला होता.

जात्यावरच्या ओव्या हा त्या मार्गाचा पुरावा होय. बाळंतपणाची विश्रांती संपली की पहाटेच्या अंधारात स्त्री पुन्हा जात्याशी बसे. बहुधा दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरत, मूठमूठ दाणे वैरत आणि पाळीच्या फेऱ्यांबरोबर एकेक ओवी गात. ओवी लहान असते, बहुधा दोन ओळींची, म्हणून बाळ रडले आणि उठावे लागले तरी गाणे मोडत नाही. जेथे थांबले तेथून पुढची ओवी सुरू होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या संकलनकार्यातून महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात त्यांतील अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजात ऐकता येतात. त्याआधी साने गुरुजींनीही ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. साक्षरतेची संधी न मिळालेल्या स्त्रियांनी रचलेले हे वाङ्मय मराठीतील आत्मचरित्रांच्या शेजारी ठेवावे इतक्या मोलाचे आहे.

या ओव्यांतील सीतेच्या ओव्या येथे विशेष लक्षपूर्वक वाचल्या पाहिजेत. त्यांत राज्याभिषेकापेक्षा वनवासाला आणि वनवासातही सीतेच्या बाळंतपणाला जागा अधिक आहे: निजायला बाज नाही, उशाला दगड आहे, जवळ आई नाही, सासू नाही, सुईण नाही, आणि घोर रानातले तिचे रडणे ऐकून बोरी-बाभळीच बायका होऊन तिची समजूत काढतात. काटेरी झाडांना सोबतिणी करणारी ही कल्पना ज्या स्त्रियांनी रचली, त्यांना एकटीच्या बाळंतपणाचा अनुभव कोठून मिळाला असेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ‘मला कोणी विचारले नाही’ असे सुनेने म्हटले असते तर तो घरातल्यांवर आरोप झाला असता. सीतेला कोणी विचारले नाही, असे गायले की ते देवाचे गाणे होते, सासूही त्यात सूर मिसळू शकते, आणि कदाचित तिलाही स्वतःचे बाळंतपण आठवते. दुसरीच्या तोंडून स्वतःचे सांगणे ही पळवाट मानण्याचे कारण नाही, कारण सत्य बोलण्यासाठी जेवढा आडोसा लागतो तेवढाच तो आहे.

असाच आडोसा एका अमेरिकन लेखिकेनेही घेतला होता. शार्लट पर्किन्स गिलमन यांना मार्च १८८५ मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर त्या तीव्र विषण्णतेत गेल्या, म्हणून १८८७ मध्ये फिलाडेल्फियातील नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांच्याकडे त्यांना उपचारासाठी पाठवण्यात आले. मिचेल यांचा ‘विश्रांती-उपचार’ म्हणजे दीर्घकाळ अंथरुणात पडून राहणे, भरपूर आहार, मालिश आणि एकांतवास. घरी परतताना गिलमन यांना जो सल्ला मिळाला, तो त्यांच्या सांगण्यानुसार असा होता की शक्य तितके घरगुती आयुष्य जगावे, दिवसातून दोन तासांपेक्षा अधिक बौद्धिक काम करू नये आणि लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल यांना आयुष्यात पुन्हा हात लावू नये. काही महिने हा सल्ला पाळल्यावर आपण वेडाच्या काठावर पोचलो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली: लिहिण्यास मनाई झालेली एक बाळंतीण चोरून टिपणे लिहिते आणि त्या टिपणांत खोलीच्या पिवळ्या भिंत-कागदाच्या नक्षीमागे तिला कोंडलेली स्त्री दिसू लागते. गिलमन रोजनिशीही ठेवत असत, परंतु त्या रोजनिश्या छापून येण्यास १९९४ साल उजाडले. त्यांच्या दुखण्याची ओळख जगाला शतकभर आधी झाली ती कल्पित स्त्रीच्या टिपणांतून.

१९९६ मध्ये मेलनी ग्रीनबर्ग, कॅमिल वॉर्टमन आणि आर्थर स्टोन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात महाविद्यालयीन तरुणींच्या एका गटाने स्वतःच्या नव्हे तर पूर्णपणे काल्पनिक आघाताविषयी लिहिले, आणि तटस्थ विषयावर लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांचेही आजारपणासाठी दवाखान्यात जाणे पुढील काळात कमी झाले. त्या तरुणी बाळंतिणी नव्हत्या, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही, पण जात्यावर बसलेल्या स्त्रियांनी जे ओळखले होते त्याच दिशेला तो बोट दाखवतो.

मराठी लिखित वाङ्मयात आईपणातून स्वतःची ओळख तपासणारा सर्वांत धीट लेख म्हणून इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’चा उल्लेख करावा लागेल. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची पत्नी अशी ओळख करून दिली जात असताना काही उणे राहिल्याची जाणीव आणि रस्त्यातल्या मुलांनी आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखल्यावर आलेली पूर्णतेची भावना, असा त्याचा प्रवास आहे. स्वतः मान्यवर मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या स्त्रीने हे लिहावे, यावर वाचक आजही वाद घालतात. हा वाद प्रत्येक नव्या आईने आपल्या वहीत स्वतःपुरता घालावा, एवढा तो जिवंत आहे.

प्रत्यक्ष लिहिताना फार साधने लागत नाहीत. बाळ अंगावर पीत असताना एक हात गुंतलेला असतो, तेव्हा फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करता येतो आणि सुचलेल्या दोन ओळी नंतर वहीत उतरवता येतात. ‘मी’ जड वाटत असेल तर सीता, जन्म देऊनही बाळ जवळ न ठेवता आलेली देवकी किंवा स्वतःची आजी यांच्या तोंडून लिहावे. तारीख मात्र प्रत्येक नोंदीवर घालावी, कारण तिसऱ्या आठवड्यातले मन तिसऱ्या महिन्यात आठवत नाही. लेखन हा उपचार नव्हे, हेही स्पष्ट असावे. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेल्या एडिंबरा प्रश्नावलीत मागील सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. असे विचार, किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, वहीत उमटू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

घरातल्या माणसांनी ती वही मागू नये आणि उघडू नये. ज्या घरात जात्यावर गायलेली आजी किंवा पणजी अजून आहे, तेथे तिच्या सीतेच्या ओव्या नव्या आईने स्वतःच बाळाला मांडीवर घेऊन ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि हे काम लांबणीवर टाकू नये, कारण गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यापासून जाती थांबली आहेत आणि त्या ओव्या मुखोद्गत असलेल्या स्त्रिया आता फार थोड्या उरल्या आहेत.