बॉनेटखालची जागा

फोर्ड कंपनीच्या मस्टँग मोटारीत १९८६ ते १९९३ या काळात पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे एक इंजिन मिळत असे. अमेरिकेतले हौशी लोक या मोटारी अजून जपून आहेत, आणि सुटीच्या दिवशी घरच्या गॅरेजात त्यांच्यावर नाना प्रयोग करतात. त्यांतला एक दिसायला अगदी साधा आहे. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा जुडगा, म्हणजे मॅनिफोल्ड, या इंजिनात वरचा आणि खालचा अशा दोन भागांत ओतलेला असतो. हे दोन भाग सोडवायचे, मध्ये भोके पाडलेली एक जाड पट्टी घालायची आणि पुन्हा आवळायचे. या पट्टीला स्पेसर म्हणतात. तिची जाडी साधारण एक ते अडीच सेंटिमीटर. ती बसवल्याने इंजिनाची ताकद वाढते, असे विकणारे सांगतात. ते किती खरे, आणि पट्टी बसवल्यावर बॉनेट लागेल की नाही, हे दोन्ही प्रश्न शाळेतल्या पदार्थविज्ञानाने सोडवता येतात.

आधी उष्णतेचे पाहू. बरेचसे स्पेसर फिनॉलिक पदार्थाचे, म्हणजे बॅकेलाइटच्या कुळातले असतात. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बॅकेलाइट तयार केले. आपल्या ओळखीचे ते कुकरच्या दांड्यामुळे. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता याच्या शेकडो पट सहज वाहते. तेव्हा मॅनिफोल्डचा खालचा भाग तापला तरी वरचा त्या मानाने थंड राहतो. थंड हवा दाट असते. ५० अंश सेल्सिअसऐवजी ४० अंशांची हवा आत गेली, तर केल्व्हिनमध्ये ३२३ आणि ३१३ यांचे गुणोत्तर घ्यायचे: घनता जेमतेम तीन टक्के वाढते. पण मोटार वेगात असताना हवा त्या नळ्यांतून सेकंदाच्या छोट्याशा अंशात निघून जाते. तापायला तिला सवडच नसते. म्हणून तीन टक्केसुद्धा पदरात पडतील असे आम्हांला वाटत नाही. उष्णता अडवण्याचा खरा उपयोग कार्ब्युरेटरच्या गाड्यांत होतो. तिथे तापलेले इंजिन बंद केले की उष्णता वर चढून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळू लागते आणि गाडी लवकर चालू होत नाही. आपल्याकडच्या जुन्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये काळा जाड तुकडा दिसतो, तो याच कामाचा. गावातल्या मेकॅनिककडून एखादा टाकाऊ तुकडा वर्गात जरूर आणावा.

दुसरा दावा नळीच्या लांबीचा आहे. झडप उघडून दट्ट्या खाली जाऊ लागला की नळीत कमी दाबाची लाट निघते. ती नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परतते. झडप मिटायच्या आत ती पोहोचली, तर थोडी जादा हवा सिलिंडरात कोंबली जाते. नळी लांब असेल तर लाटेला उशीर लागतो, म्हणून हा लाभ इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळतो. क्रायस्लर कंपनीने १९६० साली यासाठी सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या वापरल्या होत्या. आता समजा आपली नळी ४० सेंटिमीटरची आहे आणि मिनिटाला ४००० फेऱ्यांवर तिचा लाभ मिळतो. एक सेंटिमीटरचा स्पेसर घातला तर लाभाची जागा सरकून ३९०० फेऱ्यांवर येईल. चालवणाऱ्याला हा फरक कळणे कठीण.

मग लोक स्पेसर घालतात तरी का? पुष्कळांचे कारण वेगळेच असते. इंजिनावर जास्त उंचीची झाकणे बसवायची असतात, ती मॅनिफोल्डला अडतात, म्हणून मॅनिफोल्ड उचलावा लागतो. हे कारण आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते.

मॅनिफोल्ड उचलला की तो बॉनेटच्या जवळ गेला. किती जवळ? बॉनेट उघडे असताना ही जागा मोजता येत नाही आणि लावल्यावर दिसत नाही. यावरची युक्ती फार सुरेख आहे. मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले घ्यायची. मॅनिफोल्डच्या उंच बिंदूंवर तिचे चार-पाच सेंटिमीटरचे सुळके उभे करायचे. चिकटू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवायचा. बॉनेट सावकाश खाली आणून हाताने दाबून खटक्यात बसवायचे. आपटायचे मुळीच नाही. मध्येच घट्ट अडल्यासारखे वाटले तर तिथेच थांबायचे. मग उघडून, चेपलेल्या क्लेमध्ये दातकोरणी उभी खुपसून जाडी मोजायची. बॉनेटच्या आतल्या बाजूला पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात, म्हणून एका सुळक्यावर भागत नाही. सुळका चेपलाच नसेल, तर जागा निदान त्याच्या उंचीइतकी आहे एवढेच कळते.

क्लेच का? स्पंज दाब काढताच पुन्हा फुगतो, क्ले चेपलेलीच राहते. कणीक या दोहोंच्या मधली. ती जराशी मागे येते. कंपासपेटीत खोडरबर ठेवून ते आणि झाकण यांतली जागा तिन्हींनी मोजायला मुलांना सांगावे. लवचीकता हे प्रकरण त्यानंतर फळ्यावर फार लिहावे लागत नाही.

पण क्लेने मोजलेली जागा थांबलेल्या इंजिनाची असते. इंजिन रबरी बैठकींवर बसवलेले असते. ते चाकांना ज्या बाजूने पिळतो, त्याच्या उलट बाजूने स्वतः पिळले जाते. न्यूटनचा तिसरा नियम त्यालाही चुकलेला नाही. या मोटारींत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाची डावी बाजू उचलली जाते. समजा ते दोनच अंश कलले. मधल्या अक्षापासून आडवे २५ सेंटिमीटरवरचा बिंदू २५ गुणिले ज्या २ अंश, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर वर येईल. क्लेने अर्धा इंच, म्हणजे साडेबारा मिलिमीटर दाखवले असतील, तर उरले साडेतीन. बैठकीचे रबर जुने असेल तर तेही नाहीत. १९६९ च्या काही मस्टँगमध्ये बॉनेटला भोक पाडून हवा घेणारे तोंड थेट इंजिनावर बसवलेले होते. इंजिन हलले की ते बॉनेटबाहेर थरथरताना दिसे, म्हणून त्याचे नावच ‘शेकर’ पडले.

यात फक्त पत्र्याला पोचा येण्याची भीती नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला शेव्हरोलेच्या ६६ लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या रबरी बैठकी तुटत, इंजिन उचलले जाई आणि अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घेई. स्पेसरने थ्रॉटलही उचलला जातो, तेव्हा त्याची केबल ताणली जाते. काम संपल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी पेडल पूर्ण दाबून सोडावे. थ्रॉटल खटकन पूर्ण मिटला पाहिजे. बोल्टही स्पेसरच्या जाडीइतके लांब घ्यावे लागतात. जुनेच वापरले तर त्यांचे दोन-चारच आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये धरतात आणि आवळताना सोलून निघतात. पॅकिंगही आता एकाऐवजी दोन. त्यांतून हवा चोरून आत शिरली तर इंजिन मंद गतीवर असताना त्याचा वेग सारखा चढउतार करतो.

क्लेने जागा अपुरी दाखवली तर पातळ स्पेसर घेतात, फुगवट्याचे बॉनेट बसवतात किंवा इंजिनाच्या बैठकी थोड्या खाली घेतात. मात्र बैठकी खाली घेतल्या की इंजिनाच्या तळाशी असलेले तेलाचे भांडे आणि त्याखालचा आडवा लोखंडी पट्टा यांच्यामध्ये पुन्हा क्ले ठेवावी लागते.